भारद्वाज दाखवायचं काम

आमच्या घरात शकुन बंद होता. बापानं धम्माची दीक्षा घेतली त्याच दिवशी बंद केला. मांजर आडवं गेलं तर जाऊ द्यायचं, शिंक आली तर नाक पुसायचं, अमावस्येला गावाला निघायचं असलं तर निघायचं, एसटी आली नाही तर ती गोष्ट वेगळी. भिंतीवर दोन फोटो होते. त्यांच्यासमोर रोज दिवेलागणीला आम्ही ओळीनं बसून वंदना म्हणायचो. बापाला वाचता येत नव्हतं, पण वंदना अशी पाठ होती की मधे कुणी चुकलं तर तो डोळे न उघडता मांडीवर चापट द्यायचा, आणि चापट बरोबर चुकणाऱ्याच्याच मांडीवर बसायची. आईसुद्धा शकुन मानत नव्हती. फक्त मांजर आडवं गेलं की तिच्या चपलेचा अंगठा निघायचा. ती खाली बसायची, अंगठा नीट करायची, तेवढ्यात दुसरं कुणी तरी तो रस्ता ओलांडून जायचं, मग ती उठायची. बाप म्हणायचा, "ह्या बाईच्या चपला लई कच्च्या." आई म्हणायची, "हाव, कच्च्याच हायत."

मी हे लिहायला बसलो कारण बायको जाऊन आठ महिने झाले आणि मी नांदेडला लेकाच्या घरी नुसता बसून असतो. लेक म्हणाला, बाबा, काही तरी लिहा, मन रमतं. मन रमत नाही. वही भरते. माझी शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मास्तर गैरहजर असलेले दिवस धरून. तेव्हा लिहिण्यात चूकभूल असेल ती नातीनं दुरुस्त करायची असं ठरलंय. गोष्टीत चूक आहे ती माझी आहे, ती तिनं दुरुस्त करायची नाही.

आमचं घर शिरूर अनंतपाळच्या अलीकडं एका खेड्यात होतं. दोन खण, मातीचं, वर पत्रा. उन्हाळ्यात तो पत्रा दुपारी तडतड वाजायचा, जसं कुणी वर बसून फुटाणे भाजतंय. पहाटे आईचं जातं सुरू व्हायचं, मग बापाचा खोकला, मग शेजारच्या घरातला खोकला, असं सगळ्या वस्तीला जाग यायची. आई मला दोन ज्वारीच्या भाकरी, तिळाची चटणी आणि एक कांदा फडक्यात बांधून द्यायची. ती भाकरी दुपारपर्यंत एवढी वाळायची की मोडताना आवाज व्हायचा. सोबत लोट्यात आंबील. आंबील आंबट झाली तर चांगली, आणि आंबट झाली नाही तर आई म्हणायची, पोटात गेल्यावर होईल.

माझं काम होतं कुरण राखायचं. आमचं गाव आणि शिंदीवाडी ह्यांच्या मधे कोसभर माळ आहे. त्याच्या वरच्या अंगाला सरकारी गवताचं कुरण होतं. उन्हाळ्यात गवत वाळून पिवळं झालेलं, कुणी बिडी टाकली की खलास. मला एक काठी दिली होती, आणि आग लागली तर लिंबाच्या डहाळीनं बडवून विझवायची असं सांगितलं होतं. आग एकदाच लागली. ती माझ्याच बिडीनं लागली. बाकी वेळ मी मोकळा होतो.

एकोणीस-वीस वर्षांचा गडी दिवसभर गवताकडं बघत बसू शकत नाही. मी पाखरं बघायला लागलो. कुणी शिकवलं नाही. फजरीला, उजाडतानाच, चंडोल उठायचा, गवतातून सरळ वर जायचा, तिथं वर एका जागी थांबून जीव तोडून ओरडायचा आणि दगड पडल्यासारखा खाली यायचा. काय मिळायचं त्याला, माहीत नाही. ऊन चढलं की वडावर तांबट टुकटुक लावायचा. टिटवी कुणालाही बघून ओरडायची, मला रोज बघत होती तरी रोज ओरडायची. वेडे राघू तारेवर बसून माशा धरायचे. सातभाई सातच असतात असं लोक म्हणतात, मी मोजले, कधी सहा असतात, कधी नऊ. चैत्र संपला की पळसाची फुलं झडून नवी पानं यायची, ओढ्याच्या कडेला बहावा पिवळा व्हायचा, कुडा पांढरा व्हायचा. तरवड कायमच पिवळा. माळावर उन्हाळ्यात काही नसतं असं म्हणणारा माणूस उन्हाळ्यात माळावर गेलेला नसतो.

आणि भारद्वाज. कावळ्याएवढा, काळा, पंख तांब्याच्या भांड्यासारखे, डोळा लाल. उडायचा कंटाळा. झुडपातून पायी हिंडतो, जमीनदारासारखा. चांगल्या कामाला निघताना हा दिसला की काम होतं, असं आमच्याकडचे सगळे लोक मानायचे. मला त्याचं एवढंच माहीत होतं की तो सकाळी ओढ्याजवळच्या शिंदीच्या बेटात असतो. एकदा एक बैलांचा दलाल बाजाराला चालला होता, तो सहज म्हणाला, "भारद्वाज दिसला असता तर बरं झालं असतं." मी म्हणालो, "चला, दावतो." दाखवला. त्याचा बैल त्या दिवशी विकला गेला. तो बैल तसाही विकलाच गेला असता, चांगला होता. पण त्यानं चार गावांत सांगितलं. मग लोक यायला लागले. कोर्टाच्या तारखेला चाललेले, सोयरीक जुळवायला चाललेले, दवाखान्यात चाललेले. मी त्यांना ओढ्याकडं न्यायचो, बोट करायचो, ते हात जोडायचे, मला चहा पाजायचे किंवा बिडीबंडल द्यायचे. आता नातीच्या शाळेत ह्याला पक्षीनिरीक्षण म्हणतात. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर गोदावरीच्या काठानं मीही हिंडून आलो. सरांच्या गळ्यात दुर्बीण होती. सगळ्या लेकरांना वही दिली होती, दिसलेलं लिहायला. कुणी कोर्टात चाललेलं नव्हतं.

बापाला हे कळायला दोन महिने लागले. कळलं तेव्हा तो जेवत होता. घास खाली ठेवला. "आपुन जे सोडून आलो," तो म्हणाला, "ते तू इकून राहिलास?"

"मी मानत न्हाई की. नुसता दावतो."

"दारू पीत न्हाई, नुसता गाळतो, असं झालं हे."

आई म्हणाली, "जेवू द्या त्याला."

"मी कुठं धरलंय त्याला? मीच जेवायचा थांबलो."

मी दाखवायचं बंद करीन असं कबूल केलं. केलं नाही. चहाची सवय लागली होती.

ह्याच उन्हाळ्यात धुरपता माझ्या ओळखीची झाली. धुरपता म्हणजे माझी बायको, पण तेव्हा ती शिंदीवाडीच्या एका घरची पोरगी होती, आमच्यातलीच. ती आणि तिची आई सकाळी पळसाची पानं तोडायला कुरणाच्या कडेला यायच्या. पत्रावळ्या करून लग्नघरी द्यायच्या. पळस कुरणाच्या बाहेर होते, त्यामुळं त्यांना हटकायचं मला काही कारण नव्हतं. तरी मी जाऊन हटकलं.

"इकडं यायचं न्हाई. कुरन हाय."

ती म्हणाली, "तू काय करून राहिलास हितं?"

"राखन."

"कशाची?"

"गवताची."

"गवत कुठं पळून चाललंय?"

तिच्या आईनं तिला गप केलं. पण दुसऱ्या दिवशी तिनं मला एक पाखरू विचारलं, तिसऱ्या दिवशी दोन. मी सांगायचो, ती पानं तोडत ऐकायची. मग सावलीत बसून पत्रावळ्या टाचायची. पहिल्या आठवड्यात मी जेवढं बोललो तेवढं त्याआधी सगळ्या जन्मात बोललो नव्हतो. एक दिवस तिची आई विहिरीवर गेली असताना मी बोलत होतो आणि ती मधेच म्हणाली, "परवा मला बघाया पाव्हने येनार हायत. पोरगं तहसीलीत शिपाई हाय."

मी विचारलं, "मग?"

ती गप बसली. खाली मान घालून पान टाचत राहिली. मी वाट बघितली, ती काही बोलली नाही. मला वाटलं, तिला नको आहे. पोरी सांगू शकत नाहीत, गप बसतात, हे मला माहीत होतं. सगळ्या गोष्टी ज्याला माहीत असतात तो मी होतो. ती गप बसली होती कारण तिच्या तोंडात टाचायच्या काड्या धरलेल्या होत्या. हे मला लग्नानंतर नऊ वर्षांनी कळलं.

पाहुणे यायच्या दिवशी मी सकाळीच फाट्यावर जाऊन उभा राहिलो. एसटीतून दोघं उतरले. एक नवऱ्या मुलाचा चुलता, ग्यानबा तात्या. पांढरं धोतर, पांढरा सदरा, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. दुसरा त्याचा जावई, काळी छत्री आणि नव्या कोऱ्या चपला. मुलाचा बाप वारलेला होता, तेव्हा हो की नाही ते तात्याच ठरवणार होता. त्यानं मला शिंदीवाडीची वाट विचारली. मी म्हणालो, मी तिकडंच चाललोय, चला.

जरा चालल्यावर तात्या म्हणाला, "हितं कुनी पोरगा हाय म्हनं, भारद्वाज दावतो."

"मीच तो."

तात्या थांबला. "आपुन मानत न्हाई," तो म्हणाला. "आपल्यात शकुन-बिकुन काय न्हाई."

"आमच्यात बी न्हाई."

"पन पोराची आज्जी मानती. निघताना म्हनली, भारद्वाज दिसला तरच बोलनी करा, न्हाई तर त्या गावचं पानी बी पिऊ नका. आता घरी गेल्यावर म्हातारी इचारनार, दिसला का. मी काय सांगू? खोटं बोलाया येत न्हाई. पंचशील हाय."

म्हणजे खोटं बोलायचं नाही हे शील पाळण्यासाठी तात्याला शकुन बघणं भाग होतं. जावई म्हणाला, "मामा, मी सांगतो की दिसला म्हनून." तात्या म्हणाला, "तुमी सांगा, तुमाला म्हातारी इचारनारच न्हाई."

खालची वाट अर्ध्या तासाची होती आणि ती शिंदीच्या बेटाजवळून जात होती. त्या वेळी भारद्वाज तिथं असणार हे मला माझ्या नावाइतकं माहीत होतं. मी त्यांना वरच्या वाटेनं घेतलं. वरची वाट कुरणाला वळसा घालून जाते, दोन तासांची. म्हणालो, "वर लई दिसतात."

खोटं नव्हतं. वर लई दिसायचं, भारद्वाज सोडून. मी एक एक दाखवायला लागलो. चंडोल वर गेलेला दाखवला. तात्याला तो दिसला नाही, ऐकू आला. वडाखाली थांबून तांबट ऐकवला.

"काय करतो म्हनलास ह्यो?"

"टुकटुक."

"दिसभर?"

"दिसभर."

"बरं हाय. सावलीतलं काम हाय."

मग कुड्याच्या फुलांचा वास दिला. नेपतीची विटकरी फुलं दाखवली, तिला पान नसतं, नुसती काडी आणि फूल. तात्या म्हणाला, आमच्या अंगणात असली एक आहे, आम्ही तिला झाडू समजत होतो. बहावा दाखवला. तो तेव्हा ऐन भरात होता, वरपासून खालपर्यंत नुसते पिवळे घोस लोंबत होते. तात्यानं मान वर केली, पिवळं तेवढं त्याला दिसत असावं, आणि बराच वेळ बघत राहिला. "मांडवाला अशी झालर पायजे," तो म्हणाला. मला ते आवडलं नाही. मी त्यांना पुढं घेतलं. ऊन डोक्यावर आलं होतं. जावयाची छत्री एकच होती आणि ती त्यानं सासऱ्यावर धरली होती, त्यामुळं तो स्वतः तापून लाल झाला होता. म्हणाला, "आपुन सोयरीक कराया आलो का माळ इकत घ्याया?" तात्या म्हणाला, "बगा की जरा. एवढ्या वर्सांत मला हे कुनी दावलं न्हाई."

हे वाक्य मला अजून टोचतं. म्हातारा मनापासून बघत होता. मी त्याला फसवण्यासाठी दाखवत होतो आणि तो मनापासून बघत होता.

वाटेत भुईरिंगणी पसरलेली होती. जमिनीला चिकटून असते, जांभळं फूल, मधे पिवळा ठिपका, आणि पानावर काटे. मी फूल दाखवलं. जावई बघायला एक पाऊल पुढं आला, पाय चपलेतून निसटला आणि नेमका तिच्यावर पडला. तो खाली बसला आणि तळपाय मांडीवर घेऊन काटे काढायला लागला. त्याच वेळी पलीकडच्या घाणेरीतून आवाज आला. कूप, कूप, कूप, कूप. घुमणारा, घागरीत तोंड घालून काढल्यासारखा.

तात्यानं कान टवकारले. "भारद्वाज?"

"वानर हाय," मी म्हणालो.

"वानर? कुठं हाय?"

"लांब हाय."

आणि भारद्वाज घाणेरीतून बाहेर आला. शिंदीच्या बेटातून तो त्या दिवशी वर का आला होता, मला कळलं नाही. पंधरा-वीस पावलांवर उघड्यावर येऊन उभा राहिला. उन्हात त्याचे पंख घासलेल्या तांब्यासारखे दिसत होते. आजवर मी कितीदा तरी लोकांना तो शोधून दाखवला, गवतातून, काट्यातून, वाकून, इकडून तिकडून. एवढा चांगला तो कधीच दिसला नव्हता.

तात्यानं डोळ्यांवर हात धरला. "ते तांबडं काय हललं रं?"

"कोंबडी हाय."

"कोंबडी? माळावर?"

"शिंदीवाडीची हाय. इकडं अंडी घालाया येतात."

जावई खाली मान घालूनच म्हणाला, "काय म्हनलाव?"

"कोंबडी हाय म्हनतो," तात्या म्हणाला.

"असंल," जावई म्हणाला आणि दुसरा काटा काढायला लागला.

भारद्वाज जात नव्हता. दोन पावलं चालला, थांबला, आमच्याकडं बघितलं. मी काठी आपटली असती तर गेला असता, पण मग जावयानं वर बघितलं असतं. तेव्हा मी हललो नाही, तात्या हलला नाही, तो हलला नाही. शेवटी त्यालाच काम निघालं आणि तो घाणेरीत गेला.

माळ उतरायच्या आधी एक पळस आहे, तिथून शिंदीवाडी समोर दिसते. तात्या त्याच्या सावलीत बसला, धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. खाली धुरपताचं घर दिसत होतं. दाराला ताजा चुना, दारापुढं सडा टाकलेला, लुगड्याचा आडोसा बांधून सावली केलेली आणि त्या सावलीत सात-आठ माणसं उभी. एक जण डोळ्यांवर हात धरून माळाकडं बघत होता. तात्याला त्यातलं काही दिसत नसावं.

"न्हाई दिसला," तो म्हणाला.

जावई म्हणाला, "मामा, आलोच हाव तर पोरगी बघू."

"बघितली आन पसंत पडली तर? म्हातारीला काय सांगू? पसंत पडलेली सोडून येन्यापरीस न बघितलेली बरी."

कोंबडी नव्हती, एवढं मी म्हणायचं होतं. दोन शब्द. तात्या माझ्याकडंच तोंड करून बसला होता, मी काही तरी बोलेन अशी वाट बघत असल्यासारखा. मी खाली बघितलं. तो म्हणाला, "तू जा, सांग त्यायला. ऊन लागलं म्हनून फिरले म्हन. खोटं न्हाई, लागलंच हाय." मग त्यानं माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "पोरा, तू चांगलं दावलंस." आणि ते फाट्याकडं गेले, खालच्या वाटेनं. मी त्यांना तीच दाखवली. आता तिथं काही नव्हतं.

मी जाऊन सांगितलं. धुरपताच्या बापानं ऐकून घेतलं. त्याच्या मागची माणसं एकमेकांकडं बघायला लागली, मग एक एक करून काही तरी काम आठवून निघून गेली. त्यानं एकदा माळाकडं बघितलं. मग मला म्हणाला, "बस. जेव. केलेलं हाय."

मी नको म्हणालो. तो म्हणाला, "केलेलं हाय ना." तेव्हा बसलो. घरी केलेल्या शेवया होत्या, गुळवणी, वर तूप. तूप त्या घरात नेहमीचं नव्हतं, ते वाटीतून किती जपून वाढलं त्यावरून कळत होतं. पत्रावळी तिनं टाचलेली होती. धुरपता वाढायला आली. नवं हिरवं लुगडं, केसाला तेल, हातात काचेच्या बांगड्या. मी वर बघितलं नाही.

"ऊन लागलं?" तिनं विचारलं.

"हाव."

"वैशाखात ऊनच लागनार."

मग ती आत गेली. आत तिची आई रडत होती आणि ती आईला समजावत नव्हती. थोड्या वेळानं ती पण रडायला लागली. मी शेवया खात होतो. टाकून उठलो असतो तर विचारलं असतं, काय झालं. तेव्हा मी सगळ्या खाल्ल्या.

घरी जाऊन बापाला सगळं सांगितलं. का सांगितलं, मला माहीत नाही. मारेल असं वाटलं होतं. मारलं नाही. म्हणाला, "शकुन खोटा असतो, हे तुला मी शिकवलं. आन तू तेच्यावर एका पोरीचं घर मोडलंस." मग विचारलं, "तिला सांगितलंस?"

"न्हाई."

"सांग."

मी हाव म्हणालो. दुसऱ्या दिवसापासून कुरणाच्या कडेच्या पळसांकडं कुणी आलंच नाही. पाहुणे वेशीवरून फिरले, गावात पाय ठेवला नाही, ही खबर चार गावांत गेली. काय बघून फिरले, ह्याची ज्यानं त्यानं आपापली गोष्ट बनवली. शकुन न मानणाऱ्या लोकांनीच पोरीला अवलक्षणी ठरवलं. दोन वर्षं त्या घरी कुणी बघायला आलं नाही. मी भारद्वाज दाखवायचं सोडलं. लोक यायचे, मी म्हणायचो, माळावर राहिला नाही. तो शिंदीच्या बेटात ओरडत असायचा, मी म्हणायचो, वानर आहे.

दोन वर्षांनी बाप तिच्या घरी गेला आणि माझ्यासाठी मागणी घातली. तिची आई म्हणाली, "राखनदाराला?" तिचा बाप म्हणाला, "दुसरं कोन दारात उभं हाय?" अशी माझी सोयरीक झाली. कुणी तिला विचारलं नाही. मीही नाही. वंदना म्हणून, पाच माणसं जेवून लग्न झालं. लग्नाच्या आदल्या रात्री बापानं मला एवढंच विचारलं, "सांगितलंस?" मी म्हणालो, सांगतो.

नऊ वर्षांनी सांगितलं. तेव्हा आम्ही नांदेडला आलो होतो, मी एका लाकडाच्या वखारीत होतो, तीन लेकरं झाली होती. एक दिवस ती नळावरच्या रांगेतून भांडून, रिकाम्या घागरीनं परत आली आणि बसली, आणि मी सांगून टाकलं. कोंबडी, वानर, सगळं. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "मला ते पसंत व्हतं. न बघताच पसंत व्हतं. तहसीलीत नोकरी व्हती." मी म्हणालो, "पन तू गप बसली व्हतीस." तेव्हा तिनं काड्यांचं सांगितलं. तीन दिवस बोलली नाही. चौथ्या दिवशी मला जेवायला वाढताना म्हणाली, "ऊन लागलं का?" आणि त्यानंतर पुढची चाळीस-पंचेचाळीस वर्षं ती मला सोडायची नाही. पत्रा गळला की, "शिपायाचं घर पक्कं असंल." माझी वखार बंद पडली की, "शिपायाला पेन्शन लागू झाली असंल." लेकीच्या लग्नात पाहुणे उशिरा आले तेव्हा चारचौघांत म्हणाली, "ह्यांना पुढं पाठवू नका, पाव्हने परत जातील." कुणाला कळलं नाही. मला कळलं. ती हसत होती. पण त्या हसण्यात किती खरं आणि किती गंमत, ते मला कधी उमगलं नाही, आणि मी विचारलंही नाही. मी पाखरांचं सांगू शकतो. बाईच्या मनातलं मला एकदाच वाटलं की कळलं, त्याची हकिकत वर लिहिली आहे.

शेवटचे पंधरा दिवस ती नांदेडच्याच दवाखान्यात होती. दुपारी लेक कामावर जायचा, सून लेकरांना आणायला जायची, मी एकटा तिच्याजवळ असायचो. बोलणं फार नव्हतं. एका दुपारी ती जागी होती, दुखणं जरा कमी होतं. मी विचारलं, "धुरपता, त्या शिपायाकडं गेली असतीस तर बरं झालं असतं का?"

तिनं माझ्याकडं बघितलं. "आता इचारून राहिलाव?"

"हाव."

"तवा इचारायचं व्हतं."

"तवा इचारलं असतं, त्याच्यापरीस माझ्याकडं ये म्हनून, तर काय म्हनली असतीस?"

मला वाटलं ती हसेल, शिपायाचं काही तरी काढील. ती हसली नाही. "इचार केला असता," ती म्हणाली. मग छताच्या पंख्याकडं बघत पडून राहिली, भुवया जरा आवळलेल्या, बाजारात एखाद्या वस्तूजवळ थांबायची तशी. मी स्टुलावर बसलो होतो. सून येईपर्यंत मी एक शब्द बोललो नाही. तिला विचार करू दिला.